गाय फळली म्हणजे गाभण राहिली का?

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. घरी आजी म्हणते ‘गाय फयनी’. मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘फलन’ आहे, आणि फलन झाले की गर्भ राहतो असे त्याला वर्गात सांगितले आहे. मग ‘फळली’ आणि ‘गाभण’ एकच ना? शिवाय पुस्तकात ‘भ्रूण’ आणि ‘गर्भ’ असे दोन शब्द कशाला, हेही त्यांनी विचारले आहे.

एकच नाही. ‘फयनी’ ही अहिराणीतली ‘फळली’च, ळ चा य झालेला आणि ली ची नी. गाय फळली म्हणजे तिला वळू दाखवला, किंवा हल्लीच्या रीतीने डॉक्टरला बोलावून इंजेक्शनने भरवली. एवढेच. तिने गर्भ धरला की नाही, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. ‘फळवली होती, पण उलटली’, म्हणजे गर्भ न राहता पुन्हा माजावर आली, हे वाक्य गोठ्यात रोज ऐकू येते. ‘गाभण होती, पण उलटली’ असे मात्र कोणी म्हणत नाही. तिथे ‘गाभ टाकला’ किंवा ‘गाभडली’ म्हणतात. गुरांच्या बाजारात तर हा फरक थेट पैशांचा आहे. ‘फळलेली आहे’ म्हणणारा विकणारा फक्त घडलेली गोष्ट सांगतो, ‘गाभण आहे’ म्हणणारा हमी देतो. जाणता गिऱ्हाईक या दोघांना एकच भाव देत नाही.

पुस्तकातले ‘फलन’ आणि आजीचे ‘फळणे’ दोन्ही ‘फल’वरूनच आलेले, पण घटना निराळ्या. फलन म्हणजे शुक्राणू आणि बीजांड एक होणे. गाईचा माज, म्हणजे तिला वळूची ओढ लागते तो काळ, साधारण 12 ते 18 तास टिकतो आणि बीजांड सुटते ते माज ओसरल्यावर, आणखी 10-12 तासांनी. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवा, हा सल्ला त्यातूनच आला. म्हणजे गाय फळते त्या वेळी फलन झालेलेच नसते. ते मागाहून, बीजवाहिनीत, कोणाच्या नकळत होते. पुस्तकाने फळणे या ओळखीच्या क्रियापदाशेजारी फलन आणून बसवले आणि मुलांचा गोंधळ झाला, तर त्यात मुलांचा दोष नाही.

‘उलटली’ हा शब्द माझ्या मते या सगळ्यांत सरस. गाईचे माजाचे चक्र सुमारे 21 दिवसांचे. बीजांड सुटल्यावर त्या जागी पीतपिंड नावाची गाठ तयार होते आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सोडत राहते. ते आहे तोवर गाय माजावर येत नाही. गर्भ नसेल तर 16-17व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सोडून पीतपिंड मोडून काढते आणि गाय पुन्हा माजावर येते, म्हणजे उलटते. आता गंमत पाहा. फलित बीजांड चारेक दिवस बीजवाहिनीतच विभागत राहते, मग गर्भाशयात उतरते, आठवड्याने पोकळ चेंडूसारखे होते, नवव्या-दहाव्या दिवशी आपले कवच फोडून बाहेर पडते. पुढे ते गोल राहत नाही, दोऱ्यासारखे लांबत जाते. 18व्या दिवसाच्या आसपास जवळजवळ वीतभर. या काळात ते गर्भाशयाला नीट चिकटलेलेही नसते, तरी इंटरफेरॉन-टाऊ नावाचे प्रथिन सोडून आपण आहोत ही वर्दी देते आणि प्रोस्टाग्लँडिनचा घाला थांबवते. वर्दी वेळेत पोचली नाही तर फलन होऊनही गाय उलटते. म्हणून फळणे, फलन आणि गाभण राहणे या तीन गोष्टी तीनच ठेवायला हव्यात. उलटली नाही म्हणजे गाभणच, असेही नव्हे. दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टर हात घालून तपासतो आणि मगच ‘गाभण’ म्हणतो, ते उगीच नाही.

तरी दिवस मोजायचे ते फळल्यापासूनच. गोठ्यातल्या कॅलेंडरवर गोल केलेली तारीख फळल्याची असते आणि गाईचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ तिथून धरतात. तीच एक तारीख डोळ्यांनी पाहिलेली असते. म्हशीचे दहा महिन्यांच्या पुढे जाते, आणि तिची तारीख सापडणेच कठीण, कारण तिचा माज बहुधा मुका. गाय हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते, शेपटीला काचेसारखी बळसाची, म्हणजे योनीतून येणाऱ्या चिकट स्रावाची, तार लोंबते. म्हैस यातले फारसे काही दाखवत नाही. दाखवलेच तर रात्री किंवा पहाटे. जळगावच्या वैशाखात तर विचारूच नका.

‘माज’ संस्कृत ‘माद्यति’वरून, प्राकृत ‘मज्जइ’तून आला. मद, मद्य हे त्याचेच भाऊबंद. म्हणून आपल्याकडे गाईलाही माज येतो आणि नव्या पुढाऱ्यालाही. उतरवायची पद्धत तेवढी वेगळी. ग्रीकांनी मात्र हीच अस्वस्थता गोमाशी चावल्यागत मानली. त्या माशीच्या ‘ऑइस्ट्रॉस’ या नावावरून ‘इस्ट्रोजेन’ आले, आणि माज आणणारे संप्रेरक तेच. ‘संप्रेरक’ हा शब्दही बेतून घडवलेला. ‘हॉर्मोन’ हे नाव स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने 1905 मध्ये वापरात आणले. त्यामागच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ चालना देणे. मराठीने ‘प्रेरणे’ घेऊन तोच अर्थ बांधला. शब्द चांगला आहे, पण गोठ्यात ‘हार्मोन’च चालणार.

‘गाभण’ गर्भिणीवरून आले, ‘गाभ’ गर्भावरून. केळीच्या खांबातला पांढरा गाभा आणि देवळातला गाभारा हीही त्याच घरची माणसे. मात्र गाभण फक्त जनावर. बाई गरोदर किंवा पोटुशी. हा भेद मोडला तर शिवी होते.

उरले भ्रूण आणि गर्भ. बोलीत गरज नसल्याने ‘गाभ’ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालतो. शास्त्राला अवयव घडण्याचा काळ आणि घडलेले वाढण्याचा काळ वेगळा सांगायचा असतो. पहिल्यात भ्रूण, दुसऱ्यात गर्भ. गाईत ही सीमा साधारण दीड महिन्यावर, माणसात आठ आठवड्यांवर धरतात. व्यवहारात ती कोणी पाळत नाही. सोनोग्राफीने लिंग दिसते तोवर भ्रूणाचा गर्भ झालेला असतो, तरी आपण गर्भलिंगनिदान म्हणतो आणि लगेच पुढे स्त्रीभ्रूणहत्या. तो शब्द रुळला आहे, बदलायला जाऊ नये. मुलाने परीक्षेत मात्र पुस्तकाप्रमाणेच लिहावे, आणि आजीला ‘फयनी’ म्हणू द्यावे.