वाचकांचे प्रश्न : घड्याळातला आकडा किती खरा मानायचा?

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर घरच्या घरी व्यायाम चालू ठेवणाऱ्यांच्या मनगटावर आता स्मार्टवॉच असतं. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वय ६१. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रोज अर्धा तास चालतो. कितीही भरभर चाललो तरी ठोके ९५च्या वर जात नाहीत आणि घड्याळ 'व्यायाम हलका' असं दाखवतं. जोर लावून १२०पर्यंत न्यावेत का? – सातारा

उत्तर : नका नेऊ. घड्याळाचा हिशेबच तुम्हाला लागू नाही. ते २२०मधून तुमचं वय वजा करतं, कमाल ठोके १५९ धरतं आणि त्यावरून हलका, मध्यम, जोरकस असे पट्टे पाडतं. तुम्ही गोळ्यांची नावं कळवलेली नाहीत. पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चिठ्ठीवर आहे का, ते आधी पाहा. या बीटा ब्लॉकर गोळ्या ठोक्यांना फार चढू देत नाहीत, त्यासाठीच त्या दिलेल्या असतात. त्या चालू असतील तर वयाचं सूत्र बाद.

तुमचा खरा आकडा स्ट्रेस टेस्टच्या (सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती तपासणी) कागदावर असतो. ती टेस्ट अँजिओप्लास्टीनंतरची आणि रोजच्या गोळ्या घेऊन केलेली हवी. समजा, बसून असताना तुमचे ठोके ६२ आहेत आणि टेस्टमध्ये जास्तीत जास्त ११८ झाले. मधलं अंतर ५६. त्याचे ४० टक्के म्हणजे २२, ते ६२मध्ये मिळवले की ८४. ६० टक्के म्हणजे ३४, मिळवले की ९६. म्हणजे ८४ ते ९६ ही तुमची मध्यम व्यायामाची जागा झाली आणि तुमचे ९५ अगदी तिच्यात बसतात. घड्याळाच्या नादाने १२० गाठायला गेलात, तर टेस्टमध्येही झेपले नव्हते एवढे ठोके रोज सकाळी रस्त्यावर मागाल. टेस्टमध्ये छातीत दुखलं असेल किंवा ईसीजी बदलला असेल, तर ते ज्या ठोक्यांना घडलं त्याच्या निदान १० खाली थांबायचं. म्हणून हा हिशेब डॉक्टरांपुढे ठेवूनच पक्का करा. बऱ्याच घड्याळांच्या ॲपमध्ये कमाल ठोके हाताने भरता येतात. तिथे १५९ पुसून टेस्टचा आकडा घाला. पुढे गोळीचा डोस बदलला तर हिशेब पुन्हा करावा लागेल. साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) मेटोप्रोलॉल दिवसातून दोनदा घेत असाल, तर गोळीनंतर तासाभराने आणि पुढच्या गोळीच्या जरा आधी चालताना ठोके वेगवेगळे दिसतील, हेही ध्यानात ठेवा.

याच्या जोडीला श्रम स्वतः मोजायला शिका. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी आखलेली पट्टी ६ ते २० अशी आहे : ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता जीव जातो की काय. तुम्ही ११ ते १३च्या मध्ये राहायचं, म्हणजे चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. (निरोगी माणसात या आकड्याला १०ने गुणलं की साधारण ठोके निघतात. बीटा ब्लॉकर चालू असताना तसं करू नका.)

सुरुवातीची आणि शेवटची ५ ते १० मिनिटं संथ चाला. भरभर चालून एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. गेटपाशी पोचून लगेच कट्ट्यावर बसणाऱ्यांना हे नेमकं होतं.

प्रश्न : वडील ७० वर्षांचे. बायपासला पाच महिने झाले. सकाळी चालताना घड्याळ अचानक ११६ दाखवतं, थांबून नाडी मोजली तर ८८ भरते. घड्याळ बिघडलंय का? – नाशिक

उत्तर : बहुतेक ते पावलं मोजतंय. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेत उजेड टाकतो. प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं तसा परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून ठोके काढले जातात. पण हात हलतो तेव्हाही उजेड तालात कमीजास्त होतो. मिनिटाला ११५-१२० पावलं पडत असली की घड्याळ तोच ताल नाडीचा समजतं. ठोके आणि पावलांचा वेग चिकटून चालताना दिसले, तर आकडा सोडून द्या.

सैल पट्टा हे यामागचं नेहमीचं कारण. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवा आणि चालायच्या आधी एक भोक घट्ट करा. घरी आलात की सैल करा. थंडीत त्वचेतलं रक्त आखडतं, तेव्हा पहिली काही मिनिटं चुकीचा आकडा येणारच. हातात काठी किंवा पिशवी घट्ट धरली असेल, दिव्याखाली गोंदण असेल, तरी गडबड होते. पडताळा नाडीनेच घ्या. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याखालच्या नाडीवर ठेवा, थांबल्या थांबल्या १५ सेकंद मोजा, चारने गुणा. मिनिटभर मोजत बसलात तर तोवर ठोके उतरलेले असतात. नाडीच वेडीवाकडी लागत असेल, तर मात्र पूर्ण मिनिट मोजा आणि डॉक्टरांना कळवा.

ठोके मोजायला छातीवर बांधायचा पट्टाही मिळतो; तो हृदयाची विद्युत लहरच पकडतो, म्हणून जास्त अचूक. बांधण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्या लागतात. वडिलांच्या छातीवरच्या टाक्यांची जागा अजून दुखत किंवा खाजत असेल, तर त्याऐवजी दंडावर बांधायचा पट्टा घ्या. तिथे हालचाल कमी असते.

प्रश्न : छातीत जड वाटलं म्हणून घड्याळावर ईसीजी काढला. 'सायनस ऱ्हिदम' आलं. निर्धास्त राहावं का? – पणजी

उत्तर : अजिबात नाही. 'सायनस ऱ्हिदम' म्हणजे ठोक्यांचा ताल नेहमीसारखा आहे, एवढंच. तो ३० सेकंदांचा ईसीजी एकाच दिशेने हृदय पाहतो. ठोके अनियमित आहेत का, एवढं तो सांगू शकतो. हृदयविकाराचा झटका ओळखायला दवाखान्यातला १२ लीडचा (हृदय बारा बाजूंनी पाहणारा) ईसीजी लागतो, आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी तिथे तो पुन्हा काढतात, रक्त तपासतात. छातीत जडपणा, जबडा किंवा हात भरून येणं, विनाकारण घाम : घड्याळाकडे हातही नेऊ नका. थांबा, बसा, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी जिभेखाली ठेवा. उभ्याने ठेवलीत तर रक्तदाब उतरून पडाल. सिल्डेनाफिलसारखी (लिंगाच्या ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट चालत नाही. ५ मिनिटांत आराम नाही पडला तर १०८ला फोन करा; स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

प्रश्न : आई कोल्हापूरला, मी न्यू जर्सीत. तिच्या घड्याळाचे आकडे माझ्या फोनवर येतात. हृदयाचं पंपिंग कमी आहे. मी नेमकं काय पाहू?

उत्तर : मिनिटामिनिटाचे ठोके पाहू नका, तुमच्या दर फोनने आईंची धडधड वाढेल. विसावलेल्या (आराम करतानाच्या) ठोक्यांची आठवड्याची सरासरी पाहा. ठोके चार-पाच दिवस या सरासरीपेक्षा १०ने वर राहिले, तर ताप आहे का, गोळी चुकली का, नाडी अनियमित लागते का, हे विचारा.

आईंच्या बाबतीत घड्याळापेक्षा साधा वजनकाटा जास्त कामाचा आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहायला सांगा. ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पाय सुजायची वाट पाहू नका. रक्तदाब दंडाला बांधायच्या मशीननेच मोजा, मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर गोळी कमीजास्त करू नका. आणि त्यांना पेसमेकर असेल, तर घड्याळातली शरीरातली चरबी मोजायची सोय बंद ठेवा, कारण ती अंगातून बारीक वीज सोडते. घड्याळाचा चुंबकी चार्जरही छातीपासून १५ सेंटिमीटर लांब असू द्या, उशाशी नको.