सैन्यसेवेतील लैंगिक अत्याचाराची दाद पंधरा वर्षांनी मागता येते का?

लष्करात असताना एका वरिष्ठाने केलेल्या बलात्काराची तक्रार तेव्हा करता आली नाही, पुढे नैराश्यामुळे वैद्यकीय कारणावरून सेवाही सुटली, तर आता पंधरा वर्षांनी न्याय मागता येईल का आणि अमेरिकेसारखी वेगळी व्यवस्था आपल्याकडे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी इंदूरला वकिली करतो आणि महूची छावणी जवळ असल्यामुळे माजी सैनिकांची पेन्शनची प्रकरणे माझ्याकडे येतात.

गोंधळ होतो तो मुदतीबाबत. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम १२२ प्रमाणे कोर्ट मार्शल (लष्करी न्यायालयातील खटला) साधारणपणे तीन वर्षांच्या आत सुरू व्हावे लागते, त्यामुळे तो मार्ग बहुधा बंद झाला आहे. बलात्काराच्या गुन्ह्याला फौजदारी न्यायालयात मात्र मुदतीची अट नाही. घटना दुसऱ्या राज्यात घडली असली तरी ‘झीरो एफआयआर’ इंदूरच्या कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तुमची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. आणि स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनाशुल्क वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. इतक्या वर्षांनी शिक्षा होणारच, अशी हमी जो वकील देईल त्याच्याकडे मात्र जाऊ नये.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यामार्फत अशा आघातावरचे उपचार मोफत मिळतात आणि त्यासाठी पूर्वी तक्रार केल्याचा पुरावा लागत नाही. भरपाईच्या दाव्यातही अधिकृत तक्रार नसेल, तर बदलीसाठी केलेला अर्ज, कामाचा अचानक घसरलेला दर्जा, त्या काळात घरी लिहिलेली पत्रे अशा खुणा विचारात घेतात. आपल्याकडे अशी वेगळी तरतूद नाही; तरी अशाच खुणांची कागदपत्रे इथेही उपयोगी पडतात, आणि ती जमवायला गुन्हा नोंदवण्याची वाट पाहावी लागत नाही.

कारण तुमची विकलांगता पेन्शनची, म्हणजे सेवेमुळे झालेल्या आजारासाठी मिळणाऱ्या पेन्शनची, बाजू मला फौजदारी खटल्यापेक्षा बळकट वाटते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसताना पुढे वैद्यकीय कारणाने सेवा सुटली, तर तो आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली म्हटले आहे. उशिराचेही फार भय नको: तरसेम सिंग खटल्यातील २००८ च्या निकालानुसार पेन्शन नाकारली जाणे हा चालू राहणारा अन्याय मानला जातो, फक्त मागील थकबाकी सहसा तीन वर्षांपुरतीच मिळते. आधी संबंधित कार्यालयाकडे अर्ज आणि अपील करावे, आणि तिथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे जावे. पेन्शनच्या दाव्यात अत्याचाराचा उल्लेख करायचा की केवळ आजाराचा, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. घरच्यांनी किंवा वकिलाने तो तुमच्यावर लादू नये.

उपचार मात्र यांपैकी कशावरही अडवून ठेवू नयेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे सदस्यत्व असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची मागणी करता येते, आणि तिथे कारण म्हणून झोप न लागणे एवढे सांगितले तरी पुरते. सेवा सुटतानाच्या मेडिकल बोर्डाच्या (लष्करी डॉक्टरांच्या तपासणी मंडळाच्या) कागदांची प्रत तुमच्याकडे नसेल तर त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज याच आठवड्यात टाका, कारण पेन्शनच्या दाव्यात पहिल्यांदा तीच मागितली जाते.