पाटल्या विकण्याआधी वही उघड

पत्र, थोडक्यात:

ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला, मानेवाडा रोडला राहतो. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत. मी नर्सरीला शिकवते, संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. नणंदेचं लग्न आणि सासऱ्यांचं बायपास एकाच वर्षात आलं आणि डोक्यावर ५ लाख ८० हजारांचं कर्ज झालं. सव्वादोन वर्षांत ते ३ लाख १० हजारांवर आणलं. त्यात २ लाख १५ हजार पर्सनल लोन, ६२ हजार क्रेडिट कार्ड आणि ३३ हजार चुलत दिरांचे हातउसने. कार्डाचे फक्त मिनिमम भरतो. दीर 'सावकाश द्या' म्हणतात, तरी त्यांना महिन्याला ३ हजार देतो. मिस्टरांनी एक वही केली आहे. दर ७ तारखेला ते लाल पेनाने जुना आकडा खोडून नवा लिहितात. आता नवीन कर्ज एका रुपयाचंही नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. पण गेल्या वर्षी माहेरी, भंडाऱ्याला, भावाची कॉलेजची फी अडली. मी कॉलनीतल्या एका बाईकडून ४० हजार घेतले, शेकडा पाचने. ती अशी बऱ्याच जणींना देते. ११ महिने शिकवणीच्या पैशांतून २ हजार देते आहे, मुद्दल तसंच आहे. माझा सही केलेला कोरा चेक तिच्याकडे आहे. मिस्टरांना यातलं काही माहीत नाही. आईने दिलेल्या एकेक तोळ्याच्या दोन पाटल्या इतवारीत विकून टाकाव्यात, हातात वन ग्रॅमच्या घालाव्यात आणि मोकळं व्हावं, असं मनात आहे. कळणार तर नाही ना?

उत्तर:

कळेल गं. वन ग्रॅमचा मुलामा नागपूरच्या उन्हाळ्यातल्या घामाला किती दिवस पुरणार? आणि समजा नाही कळलं, तर रोज भांडी घासताना तूच ते हात बघणार आहेस.

पण आधी एक सांगते, कारण तुझ्या पत्रात ते कुठेच नाही. तुम्ही दोघांनी २७ महिन्यांत २ लाख ७० हजार फेडलेत. मुद्दलातले महिन्याला १० हजार, व्याज वेगळं. दोन बेताच्या पगारांत हे करणं सोपं नाही. दिवसभर शाळेत लहान पोरांना सांभाळून संध्याकाळी पुन्हा शिकवणीला बसतेस. त्या लाल पेनाच्या प्रत्येक रेघेत तुझाही वाटा आहे.

पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी एकाच जागी अडले. नणंदेच्या लग्नाचं कर्ज वहीत आहे. सासऱ्यांच्या ऑपरेशनचं आहे. ते 'आपलं' कर्ज, आणि तू ते तोंडातून शब्द न काढता फेडते आहेस. मग तुझ्या भावाची फी वहीबाहेर का? तो एक आकडा तेवढा तुझ्या एकटीच्या मनात का? मिस्टरांनी तसं म्हटल्याचं पत्रात नाही. तू विचारलंसच नाहीस. माहेरचं ते माझं, सासरचं ते आमचं, ही वाटणी तू मनातल्या मनात करून टाकलीस. आपल्याकडच्या किती बायका ती करतात, हे या स्तंभाकडे येणारी पत्रं वाचताना कळतं, आणि वाईट वाटतं. अगं, बहिणीचं लग्न हे जसं घरचं कर्ज, तसंच भावाचं शिक्षणही घरचंच. त्याच वहीत, त्याच रकान्यात त्याची जागा आहे.

चूक झाली ती लपवण्याची. आणि ती किती महागात पडली, तेही बघ. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाला ६०. २२ हजार देऊन झाले आणि ४० हजार जिथल्या तिथे. तेव्हाच दोघांनी बसून विचार केला असता, तर दिरांना दोन-चार महिने थांबा म्हणता आलं असतं, कंपनीकडे अॅडव्हान्स मागता आला असता. लपवायचं म्हणून तू अशा दारात गेलीस, जिथे कोणी काही विचारत नाही. अशा दारातच व्याज सगळ्यात जास्त असतं.

माझं सांगते. लग्नानंतर आम्ही नागपूरच्या महाल भागात भाड्याने राहत होतो. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला मी भिसीतले पैसे उचलून दिले आणि घरी सांगितलं, माझा नंबर अजून लागायचाय. चार महिने निभावलं. पाचव्या महिन्यात हप्ता चुकला आणि भिसीवाल्या बाई थेट दारात आल्या. माझे मिस्टर पोहे खात बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं, मी आत ओट्याशी उभी. रागावले नाहीत. हातातली ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, "त्यांना माहीत होतं, मला नाही." पैसे दोन महिन्यांत फिटले. ते वाक्य मात्र पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात राहिलं. त्यांना राग पैशांचा नव्हता. परक्या बाईला आपल्याआधी कळलं, हे लागलं होतं. तुझ्या हातात अजून वेळ आहे. ती बाई दारात यायच्या आत तू बोल.

कधी आणि कसं? कंपनीची बस उतरून दमून आलेल्या माणसाशी नको, आणि ७ तारखेला तर नकोच. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर वही तू स्वतः काढ. शेवटच्या आकड्याखाली आपल्या हाताने लिही: भावाची फी, ४०,०००. शेजारी लिही: व्याज दिलं, २२,०००. वही त्यांच्यापुढे सरकव आणि म्हण, "हे मी लपवलं होतं. भीती वाटली म्हणून." तेवढंच. 'तुमच्या बहिणीच्या लग्नाला मी काही बोलले का' हे त्या दिवशी काढू नकोस. तुझा मुद्दा खरा आहे, पण त्या घडीला तो दगडासारखा लागेल. आठ-दहा दिवसांनी, राग उतरल्यावर तो जरूर बोल, आणि स्पष्ट बोल. ते चिडतील, कदाचित दोन दिवस अबोला धरतील. धरू दे. २७ महिने दर ७ तारखेला तुझ्यासमोर वही उघडणाऱ्या माणसाला हिशेब समजतो.

आता पाटल्या. विकू नकोस. विकताना घडणावळ जाते, घट धरतात, आणि आईच्या हातची वस्तू पुन्हा येत नाही. आज तोळ्याचा भाव लाखाच्या वर आहे. सोन्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शाएवढं कर्ज साधारण मिळतं, म्हणजे ४० हजारांना एकच पाटली पुरते. ती दोघांनी मिळून बँकेत किंवा नोंदणी असलेल्या पतसंस्थेत तारण ठेवा. व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तरी पहिल्या महिन्याचं होतं ४०० रुपये. आज जे २ हजार तू नुसत्या व्याजात घालतेस, तेवढेच भरत राहिलीस तर दोन वर्षांच्या आत पाटली सुटते. फक्त हप्त्यांनी फेडायचं कर्ज माग. वर्षाअखेरी एकदम भरायचं कर्ज घेतलं की लोक नुसतं व्याज भरून ते पुढे ढकलत राहतात आणि दागिना लॉकरमध्येच राहतो.

वही उघडीच आहे तर कार्डाकडेही बघा. ६२ हजारांवर ५ टक्के मिनिमम म्हणजे ३,१०० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर २,१७० होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९० च्या आसपास. कर्जातून कमी होतात जेमतेम ५४० रुपये. आणि जुनी बाकी असेपर्यंत त्याच कार्डावर भरलेल्या पेट्रोलला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड कपाटात ठेवा. कार्डाच्या जुन्या बाकीचे हप्ते पाडून मिळतील का आणि दर किती, हे बँकेत विचारा. दिरांचं कर्ज बिनव्याजी आहे आणि ते स्वतः सावकाश म्हणताहेत. मिस्टरांना त्यांची भीड वाटत असणार, ते मी समजते. पण काही महिने त्यांना एकच हजार द्या, उरलेले दोन कार्डात घाला. दिरांना आधी फोन करून सांगा, म्हणजे मनात काही राहणार नाही.

आणि तो कोरा चेक. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. आजवरचे २२ हजार रोखीनेच दिले असशील, त्याची चिठ्ठीही नसेल. आता ४० हजार द्यायला मिस्टरांना सोबत घेऊन जा. पैसे खात्यातून खात्यात दे, आणि चेक हातात घेतल्याशिवाय, पूर्ण रक्कम मिळाल्याचं लिहून घेतल्याशिवाय उठू नकोस. ती म्हणेल, "कायले एवढं लिहून पाहिजे, घरचीच तर आहे मी." तरी घे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्या सावकारालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. ती ६० घेते आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करता येते. एकाच कॉलनीत राहायचंय, तेव्हा आधी सरळ बोलून बघ. चेक द्यायला तिने टाळाटाळ केली किंवा धमकावलं तर मला लगेच लिही, अर्जात काय काय घालायचं ते मी सांगते.