माणसाचा डोस मांजराला नको

वेदनाशामक वनौषधीचा एकच फॉर्म्युला माणसांना आणि प्राण्यांना चालवायचा विचार आधी डोक्यातून काढा. विलो या झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनपासून शरीरात सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचं रसायन) तयार होतं. मांजराच्या यकृताला त्याचा निचरा लवकर करता येत नाही, ते साठत जातं. चघळायच्या गोळीत गोडीसाठी झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलंत, तर कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन उतरते. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, म्हणून शोषण वाढवायला जो तो मिरीतलं पिपरीन घालतो. पण तेच पिपरीन रुग्णाच्या इतर औषधांचीही रक्तातली पातळी वाढवू शकतं. लेबलवर हे ठळक लिहा. शर्यतीच्या घोड्यांसाठी काही करणार असाल (तिथे पैसा आहे, मोह होतोच), तर मिरचीतला तिखट घटक कॅप्सेसिन टाळा, ते डोपिंग चाचणीत पकडलं जातं. सुरुवातीला एकच वनस्पती, एकच प्राणी घ्या आणि प्रत्येक बॅचमधला सक्रिय घटक मोजा.