आईला घरी आणावं का?

प्रश्न : अर्धांगवायूनंतर आईची उजवी बाजू लुळी पडली आहे. डॉक्टर घरी न्या म्हणतात. घरी नीट जमेल का? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : प्रकृती स्थिर असेल तर जरूर आणा. ओळखीची खोली, ओळखीचे आवाज असले की वयस्कर माणसाचा रात्रीचा गोंधळ कमी होतो. दवाखान्यातल्या जंतुसंसर्गाचा धोकाही टळतो.

खरी कसोटी सतत पडून राहिल्यानं पाठीला होणाऱ्या जखमांची. दर 2 तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर नको. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कलवा. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवा. माकडहाडाजवळ लाली दिसली तर बोटानं दाबून पाहा. दाबल्यावरही ती फिकी पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झालीय. तिथं चोळू नका, आतली इजा वाढते. मध्ये भोक असलेली गोल उशीही नको, कडेचा रक्तपुरवठा दबतो. पावसाळ्यात आपल्याकडे चादरी नीट वाळत नाहीत. दमट चादर मुळीच घालू नका.

भरवताना ताठ बसवा, नंतरही अर्धा तास आडवं करू नका. पातळ पाण्यानं ठसका लागतो, घट्टसर नाचणीची आंबील सहसा सोपी जाते. पण गिळण्याची तपासणी आधी करून घ्या. घास सशक्त बाजूनं, म्हणजे डावीकडून द्या.

लघवीची नळी लावली असेल तर तिची पिशवी कमरेच्या खाली टांगा, जमिनीला टेकवू नका. ताप, धाप किंवा नवी गुंगी आली तर लगेच 108.