'लेफ्ट' की 'हॅड लेफ्ट'? दोन्ही पर्याय बरोबर असतात तेव्हा

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी सराव-संचातल्या 'द ट्रेन ___ बिफोर वी रीच्ड द स्टेशन' या प्रश्नात तुम्ही 'लेफ्ट' भरलंत, उत्तरतालिका 'हॅड लेफ्ट' म्हणते, मग आपलं चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. व्याकरणात तुमचं काहीच चुकलेलं नाही. प्रश्नच कच्चा आहे.

भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची पास्ट परफेक्टमध्ये ('हॅड लेफ्ट') आणि नंतरची सिंपल पास्टमध्ये ('रीच्ड'), हे शाळेत घोटून घेतलेलं सूत्र. पण पास्ट परफेक्ट लागतो तो क्रम स्पष्ट करायला, आणि इथे 'बिफोर'नेच क्रम सांगून टाकलाय. म्हणून दोन्ही रूपं चालतात. 'आफ्टर'चंही तेच. आता 'व्हेन' घालून बघा. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आपण पोचलो आणि गाडी सुटली, अगदी डोळ्यांदेखत. 'हॅड लेफ्ट' म्हटलं तर ती आधीच गेलेली. वाक्यं दोन्ही शुद्धच, अर्थ तेवढा बदलला. पास्ट परफेक्टच तपासायचा असेल तर 'बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन ___' असं विचारावं. तिथे नुसतं 'लेफ्ट' खटकतं आणि वाद उरत नाही. पण सराव-संच काढणारे एवढी तसदी कशाला घेतील? जुन्या प्रश्नातली ट्रेन काढून बस घातली की नवा प्रश्न तयार!

परीक्षेत मात्र काढणाऱ्याच्या डोक्यात कुठलं सूत्र होतं ते ओळखा. बाकीचे पर्याय 'हॅज लेफ्ट' आणि 'लीव्हज' असतील तर ते नुसते भरतीचे. लढत उरलेल्या दोघांतच. अशा वेळी 'हॅड' निवडा. बोलताना-लिहिताना 'लेफ्ट' बिनधास्त वापरा.

'द टीम ___ प्लेइंग वेल' मध्ये 'इज' आणि 'आर' दोन्ही दिले असतील तर तोही असाच प्रश्न. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, अमेरिकन इंग्रजीत सहसा 'इज'. आपल्याकडच्या पेपरात 'इज' धरा. पुढे 'डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स' असं काही असेल तरच 'आर'. 'नाइदर ऑफ देम' नंतर बोलण्यात 'आर' सर्रास येतं, पण पेपरात 'इज'च.

चूक शोधा प्रकारात क्रम महत्त्वाचा. आधी निर्विवाद चूक शोधा: कर्ता-क्रियापदाचा मेळ, 'डिड' नंतरचं मूळ रूप, 'डिस्कस' नंतर घुसलेलं 'अबाउट'. असं काहीच सापडलं नाही तरच 'इफ आय वॉज यू' सारख्या जागेकडे वळा, कारण तिथे औपचारिक लेखनाला 'वेअर' हवं असतं. उलट क्रमाने गेलात तर 'नो एरर' आणि 'वॉज' यांच्यात अडकून वेळ जातो.

प्रत्यक्ष परीक्षेत असा प्रश्न आला तर हरकत घ्या. एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका लावते, हरकती मागवते आणि मग अंतिम तालिका काढते. 'दोन्ही बरोबर वाटतात' एवढ्यावर कोणी ऐकत नाही. प्रश्नपुस्तिकेचा संच आणि प्रश्नक्रमांक नीट लिहा. 'बिफोर'बरोबर सिंपल पास्ट चालतो असं स्पष्ट सांगणारं प्रमाण व्याकरणाचं किंवा शब्दकोशाचं पान जोडा आणि नेमकी ओळ अधोरेखित करा. क्लासच्या नोट्स जोडू नका, त्यांना पुरावा म्हणून वजन नसतं. मागणीही स्पष्ट हवी: दोन्ही पर्याय ग्राह्य धरा किंवा प्रश्न रद्द करा. आणि मुदत आधी बघा, ती थोड्या दिवसांचीच असते.