नव्या टीम लीडला

टीम हातात आली, आता पहिलं काय करू, असं तू परवा विचारलंस. पहिला आठवडा काही बदलू नकोस. कोण कोणाशी बोलतं आणि कोण कोणाला टाळतं, एवढंच बघ.

हिंजवडीत इतकी वर्षं काढल्यावर मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं की संस्थेतला संवाद जसा असतो, तशीच तिने बनवलेल्या प्रणालीची रचना होते. मी ते स्वतः भोगलंय. आमच्या जुन्या कंपनीत बिलिंगवाले आणि स्टोअरवाले वेगळ्या मजल्यांवर बसायचे, बोलणं फक्त ईमेलवर. परिणाम? ग्राहकांच्या दोन वेगळ्या याद्या. पत्ता एकीकडे बदलायचा, माल जुन्याच पत्त्यावर जायचा. तीन महिने आम्ही कोडमध्ये चूक शोधत होतो! दोन्हीकडची माणसं एकत्र डबा खायला बसली, तेव्हा कुठे गुंता सुटला.

टीम वाढवायची घाई नको. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, बारा जणांत ६६. मीटिंगमध्ये काय ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून सगळ्यांना पाठव.

आणि हे मात्र जिवापाड जप: कुणी ‘काम अडलंय’ सांगायला आलं, तर आधी शांतपणे ऐकून घे. एकदा डाफरलास, की पुढची अडचण तुला थेट ग्राहकाच्या फोनवरच कळेल.